नत्र, स्फुरद, पालाश आणि डायालिसिसच्या रुग्णाचे हृदय

खताच्या पोत्यावर छापलेली तीन नावे आपल्याकडील शेतकऱ्याला तोंडपाठ असतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. उसाला किती द्यायचे, कापसाला किती द्यायचे आणि हात केव्हा आखडता घ्यायचा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हीच तीन द्रव्ये अन्नावाटे रोज आपल्या शरीरातही जातात आणि त्यांतील नको असलेला भाग मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे हा निचरा थांबतो. नत्र युरियाच्या रूपाने, स्फुरद फॉस्फेटच्या रूपाने आणि पालाश पोटॅशियमच्या रूपाने रक्तात साचत जातात. निचरा बिघडलेल्या जमिनीचे पुढे काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या रोगाचे स्वरूप समजावयास वेळ लागणार नाही.

डायालिसिसवर असलेल्या रुग्णाच्या हाती दरमहा रक्ततपासणीचा जो कागद पडतो, त्यावर ही तिन्ही नावे इंग्रजी वेषात असतात आणि त्यांच्या सोबतीला आणखी दहाबारा आकडे असतात. हा कागद मूत्रपिंडांचा आहे अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः मूत्रपिंडांची कथा तेथे संपलेली असते. तो कागद वाचावयाचा असतो तो मुख्यतः हृदयासाठी. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शाळेतच सुटला. त्यामुळे ही गोष्ट त्यालाही बडोद्यास जाईपर्यंत ठाऊक नव्हती.

बडोदे म्हणजे आजचे वडोदरा. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात चाकरीनिमित्त तेथे गेलेली अनेक मराठी कुटुंबे पुढे तेथलीच झाली. आमचे एक मामा त्यांपैकीच. दांडिया बाजारात राहतात. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मधुमेहाने मूत्रपिंडे गेल्यामुळे तीन वर्षांपासून ते आठवड्यातून तीन वेळा डायालिसिस घेतात. गेल्या पावसाळ्यात मामींना बरे नव्हते, म्हणून त्यांच्या सोबतीला केंद्रावर जाऊन बसण्याचे काम माझ्याकडे आले. एका पाळीस चार तास लागतात. डभोई, बोडेली, छोटा उदेपूर अशा लांबलांबच्या गावांहून रुग्ण आलेले होते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याकडचे एक गृहस्थही होते. त्या दिवशी महिन्याचे अहवाल वाटले गेले. मामांनी चष्मा लावला, एका आकड्यावर बोट ठेवले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठावीस ! चाळिशीत सुद्धा इतके चांगले नव्हते.” फेरीवर आलेले तरुण डॉक्टर गुजराती, पण मराठी शेजारात वाढलेले. ते हसले नाहीत. म्हणाले, “काका, या आकड्यावर खूश होऊ नका. खाली अल्ब्युमिन किती आहे ते वाचा.” अल्ब्युमिन ३.१ होते.

कमी कोलेस्टेरॉल ही चिंतेची बाब कशी असू शकते, या प्रश्नाने मी त्या डॉक्टरांना त्यानंतरचे दोन आठवडे बरेच छळले. पुढील माहिती त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि नंतरच्या वाचनातून जमविलेली आहे.

यंत्राने प्राण वाचले, हृदयाचे काय ?

डायालिसिसला शासकीय परिभाषेत ‘अपोहन’ म्हणतात. पण हा शब्द उच्चारणारा रुग्ण मला अद्याप भेटलेला नाही. रुग्णाचे रक्त एका नळीवाटे बाहेर काढून पातळ पडद्याच्या गाळणीतून फिरवावयाचे आणि शुद्ध करून परत शरीरात सोडावयाचे, असे या उपचाराचे थोडक्यात स्वरूप आहे. हॉलंडमधील काम्पेन या गावी विलेम कोल्फ या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, माणसासाठी असे पहिले उपयुक्त यंत्र तयार केले. त्यातील गाळणी सेलोफेनच्या नळीची होती. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार थोडेच दिवस चालू शके. अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये हातावर कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली आणि वर्षानुवर्षे डायालिसिस घेणे शक्य झाले.

त्या पद्धतीचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा यंत्रकामगार होता. मरणाच्या दारातून परत आलेला हा मनुष्य त्यानंतर अकरा वर्षे जगला. १९७१ मध्ये त्याला मृत्यू आला तो हृदयविकाराच्या झटक्याने.

हा योगायोग नव्हता. सिॲटलच्या ३९ रुग्णांचा तेरा वर्षांचा वृत्तांत स्क्रिब्नर यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते आणि दगावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मृत्यूचे कारण रोहिण्या कठीण होऊन अरुंद होणे हे होते. पुढे लाखो रुग्णांच्या नोंदी जमा झाल्या, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झाले. सर्वसामान्य माणसांच्या तुलनेत डायालिसिसच्या रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने येणारे मृत्यू दहा ते वीस पट आढळतात. तिशीच्या आतबाहेरच्या रुग्णाला असलेला हा धोका जवळजवळ ऐंशीच्या घरातील निरोगी माणसाइतका असतो.

असे का व्हावे ? एक साधा हिशेब पाहू. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात आणि दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. यंत्र आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे अवघे १२ तास काम करते. उरलेले १५६ तास नत्र, स्फुरद, पालाश, मीठ आणि पाणी साचतच राहतात, आणि तो भार हृदयाला सोसावा लागतो. शिवाय बहुतेक रुग्णांना मधुमेह व रक्तदाब आधीपासूनच असतात. रक्तातील आकडे हा भार कोठे व कसा पडतो आहे ते सांगतात. मात्र ते वाचण्याची रीत निरोगी माणसाच्या रक्ताहून वेगळी आहे.

कोलेस्टेरॉलचा उलटा न्याय

आपल्याला शिकविले गेले आहे ते असे की, कोलेस्टेरॉल जितके कमी तितके हृदय सुरक्षित. एरवी हे खरेच आहे. डायालिसिसच्या रुग्णांत मात्र कोलेस्टेरॉल फार कमी असलेले रुग्ण अधिक दगावतात असे आढळले. कोलेस्टेरॉल कमी झाल्यामुळे ते दगावतात, असा याचा अर्थ नव्हे. अंगातील दाह आणि अन्नाची उपासमार ही दोन कारणे एकाच वेळी कोलेस्टेरॉल खाली ओढतात आणि हृदयही पोखरतात. दुष्काळात बैलाच्या अंगावरची चरबी उतरते, म्हणून बैल निरोगी झाला असे कोणी म्हणत नाही.

कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन जातीच्या औषधांचेही असेच झाले. जर्मनीत डायालिसिसवर असलेल्या १,२५५ मधुमेही रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये जाहीर झाले. औषधाने घातक कोलेस्टेरॉल भरपूर उतरले. परंतु हृदयविकार व पक्षाघात यांत म्हणावी तशी घट झाली नाही. २००९ मध्ये २,७७६ रुग्णांवरील दुसऱ्या प्रयोगानेही तोच कौल दिला. म्हणून डायालिसिस सुरू झाल्यावर हे औषध सरसकट नव्याने सुरू करू नये, मात्र आधीपासून चालू असल्यास चालू ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. हा मजकूर वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. डायालिसिसची वेळ न आलेल्या मूत्रपिंडविकारात या गोळीचा चांगला उपयोग होतो.

अल्ब्युमिन आणि सीआरपी

डॉक्टरांनी ज्या आकड्याकडे बोट दाखविले, तो अल्ब्युमिनचा. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रमुख प्रथिन होय. यकृत ते तयार करते. १९९० मध्ये अमेरिकेतील १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नेहमीच्या तपासण्यांचा अभ्यास झाला. मृत्यूचा धोका कोणत्या आकड्यावरून सर्वांत चांगला कळतो, याचा शोध घेता उत्तर मिळाले ते अल्ब्युमिन. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते ४ ग्रॅमच्या खाली उतरू लागले की धोका चढू लागतो, आणि जसजसे ते खाली जाते तसतसा तो झपाट्याने वाढतो. ही तपासणी जुनी, स्वस्त आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होणारी आहे, हे विशेष.

मामांचे अल्ब्युमिन का उतरले होते, याचे अर्धे उत्तर घरच्या स्वयंपाकघरात सापडले. डायालिसिस सुरू होण्यापूर्वी मूत्रपिंडांवरचा भार कमी करण्यासाठी डॉक्टरांनी डाळी, दूध, उसळी यांवर नियंत्रण घातले होते. ते त्या वेळी योग्यच होते. परंतु डायालिसिस सुरू झाल्यावर नियम बदलतो. कारण गाळणीतून प्रथिनांचे घटकही निघून जातात. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसास ही गरज ५० ते ६० ग्रॅमची होते. मामी बिचाऱ्या तीन वर्षे जुनाच कागद समोर ठेवून अर्धी वाटी वरण वाढीत होत्या. पथ्य मोडले नाही याचे त्यांना समाधान होते आणि नवरा वाळत का चालला याचे कोडे होते. माझ्या समजुतीप्रमाणे, डायालिसिसच्या रुग्णांच्या घरांत होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत मोठी असावी. कारण ती निष्काळजीपणातून होत नाही, काळजीतून होते.

अंड्याचा पांढरा भाग यासाठी उत्तम मानतात. कारण त्यात प्रथिने पुष्कळ आणि स्फुरद अत्यल्प. मामींच्या घरात अंडे येणे शक्य नाही. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी डाळ, घरचे ताजे पनीर आणि दही यांचे माप बांधून दिले.

उरलेले अर्धे उत्तर सीआरपी या तपासणीने दिले. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन असे तिचे पूर्ण नाव. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात टिलेट आणि फ्रान्सिस या शास्त्रज्ञांना हे प्रथिन प्रथम आढळले. शरीरात कोठेही जंतुसंसर्ग किंवा दाह असला की यकृत काही तासांतच ते तयार करू लागते, आणि त्याच वेळी अल्ब्युमिनचे काम मागे टाकते. त्यामुळे एक चढते आणि दुसरे उतरते. दाह रेंगाळला तर रोहिण्यांच्या आतील अस्तराला इजा होते, आणि म्हणून ज्यांचे सीआरपी सतत चढलेले असते त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो. मात्र दाह कोठे आहे ते हा आकडा सांगत नाही. ते शोधावे लागते. गळ्यात किंवा जांघेत बसविलेल्या नळीच्या तोंडाशी, मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत, हिरड्यांत. मामांच्या बाबतीत खालच्या दाढेच्या मुळाशी पू निघाला. “या वयात दाताचे काय कौतुक !” म्हणून त्यांनी तो ठणका वर्षभर सोसला होता.

दाहाचे आणखी एक कारण पाण्यात असते. चार तासांच्या एका पाळीत यंत्राच्या गाळणीपलीकडून सुमारे १२० लिटर पाणी वाहते. आपण पितो त्या पाण्यातील जंतूंना आतडी अडवितात. येथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. म्हणून नळाचे पाणी कितीही चांगले असले तरी ते अनेक टप्प्यांनी शुद्ध करावे लागते आणि त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचे सरोवर बांधून बडोद्याला पिण्याचे पाणी आणले. आज त्या शहरातील डायालिसिस केंद्रात पाणी शुद्ध करण्याची खोली प्रथम पाहावी, मग यंत्रे, असे मला वाटते. जिल्हा रुग्णालयांची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ही सूचना नम्रपणे करावीशी वाटते.

स्फुरद : हाडांतला चुना रोहिणीत

आता पुन्हा खताच्या पोत्याकडे वळू. तिघांपैकी सर्वांत मुकाट्याने घात करणारे द्रव्य म्हणजे स्फुरद. ते वाढले तरी कित्येक दिवस रुग्णास काहीच जाणवत नाही. फार तर अंगाला खाज सुटते.

निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात फॉस्फरस २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. रोजच्या जेवणातून साधारण १,००० मिलिग्रॅम पोटात जातो आणि त्यातील ६०० च्या आसपास रक्तात शोषला जातो. आठवड्याची जमा ४,२०० झाली. डायालिसिसची एक पाळी सुमारे ८०० मिलिग्रॅम बाहेर काढते. तीन पाळ्यांचा खर्च २,४०० धरला तरी १,८०० शिल्लक राहतात. पाळ्या दोनच झाल्या तर शिल्लक २,६०० वर जाते. ही शिल्लक जाते कोठे ? काही हाडांत जाते, आणि काही चुन्याबरोबर मिळून रोहिण्यांच्या भिंतीत.

पाण्याच्या नळात क्षार धरतात तसेच हे असावे, असा माझा समज होता. तो अपुरा निघाला. नळ निर्जीव असतो. रोहिणीच्या भिंतीत जिवंत स्नायुपेशी असतात आणि स्फुरदाच्या सततच्या माऱ्याने त्या आपला मूळ धर्म सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. भिंतीत अक्षरशः हाड तयार होऊ लागते. त्यातच गळ्यातील पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथी चवताळतात आणि खऱ्या हाडांतील चुना उपसून रक्तात आणतात. हाडे ठिसूळ आणि रोहिण्या कठीण, असा हा उफराटा व्यवहार होय. बालपणी वा तरुणपणी डायालिसिसची वेळ आलेल्या ३९ जणांच्या हृदयाची चित्रे घेऊन केलेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. विशीच्या आतील २३ जणांत एकाच्याही हृदयाच्या रोहिणीत चुना नव्हता. वीस ते तीस वर्षांच्या १६ जणांपैकी १४ जणांत तो होता.

उपाय दोन. पहिला आहाराचा. डाळी आणि धान्यांतील स्फुरदाचा बराचसा भाग आपल्या आतड्यांत शोषलाच जात नाही. दुधातील व मांसातील अधिक शोषला जातो. आणि कारखान्यातून बाटलीबंद वा पुडीबंद होऊन येणाऱ्या पदार्थांत टिकण्यासाठी घातलेली फॉस्फेटची मिठे जवळजवळ पूर्णपणे शोषली जातात. म्हणून वरणाला घाबरून काळ्या रंगाचे शीतपेय पिणारा रुग्ण दुहेरी तोट्यात असतो. दुसरा उपाय गोळीचा. कॅल्शियम ॲसिटेट, सेव्हेलामर यांसारख्या गोळ्या पोटातच अन्नातील स्फुरदाला धरून ठेवतात व शौचावाटे बाहेर नेतात. त्यासाठी गोळी घासाबरोबर पोटात जावयास हवी. मामा ती रात्री निजताना, बाकीच्या सगळ्या गोळ्यांबरोबर, मोजून घेत असत. रिकाम्या पोटी धरावयाला तेथे काहीच नसे. त्यांचा फॉस्फरस ७.२ होता, आणि औषध रोज घेऊनही तो का उतरत नाही म्हणून औषध कंपनीला बोल लावणे चालू होते. आता त्या गोळीची डबी देवघराशेजारच्या फळीवरून निघून जेवणाच्या जागी, मिठाच्या वाटीजवळ आली आहे.

पालाश आणि पाळीचा खाडा

स्फुरद वर्षानुवर्षे काम करते, पालाश काही तासांत. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो आणि ही लहर पोटॅशियमच्या समतोलावर अवलंबून असते. प्रयोगशाळेच्या मापाप्रमाणे रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावे. साडेसहाच्या वर गेले तर हृदयाची लय बिघडून ते अकस्मात थांबू शकते, आणि पूर्वसूचना मिळेलच असे नाही. फार खाली जाणेही तितकेच वाईट.

आजाऱ्याला भेटावयास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडील रिवाज. शहाळे, मोसंबी, केळी घेऊन आपण जातो. डायालिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत यांतील प्रत्येक वस्तू पालाशाची भेट आहे. शहाळ्याचे पाणी तर विशेष. बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस उंधियू, चिक्की आणि ऊस यांचे असतात. कंद, बटाटे, गूळ, शेंगदाणे, सगळ्यांत पालाश भरपूर. त्यात सणासाठी एखादी पाळी चुकविली की काय होईल ते सांगावयास नको. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे पालाश बराच कमी होतो. रक्तदाबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियमच घातलेले असते, ते या रुग्णांनी वर्ज्य समजावे.

पाळ्यांमधील अंतराचे महत्त्व दाखविणारा अमेरिकेतील ३२,०६५ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन पाळ्यांत दोन वेळा एका दिवसाचे आणि एकदा दोन दिवसांचे अंतर पडते. त्या दोन दिवसांच्या अंतरानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर शंभर रुग्णवर्षांमागे २२.१ होते, इतर दिवशी १८. एका जादा दिवसाने एवढा फरक पडत असेल, तर आपल्याकडे पाळीच चुकवून तीन-चार दिवस काढणाऱ्यांचे काय होत असेल ?

अक्कलकुव्याकडचे ते गृहस्थ आठवड्यातून दोनच वेळा येत. एका सोमवारी त्यांची खाट रिकामी राहिली. पुलावरून पाणी गेल्याने गाडी आली नव्हती. मंगळवारी ते आले तेव्हा चालताना धापा टाकीत होते आणि पोटॅशियम ६.८ होते. त्यांना तातडीने यंत्रावर घेतले. संध्याकाळी ते उठून बसले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो परतीच्या गाडीचा. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम सुरू केल्यापासून जिल्हा रुग्णालयांत ही सोय वाढत गेली आहे, आणि आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार समाविष्ट आहे. एस.टी.च्या प्रवास सवलतीच्या यादीत डायालिसिसच्या रुग्णांचा समावेश असून आगारात त्याची चौकशी करावी. असे असूनही यंत्र आणि रुग्ण यांच्यामधले अंतर हाच पुष्कळदा खरा रोग ठरतो. गावातील कोणाची पाळी कोणत्या वारी आहे हे ग्रामसेवकास आणि शिक्षकास माहीत असले, तर पावसाळ्यात त्याचा उपयोग होईल.

प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी एक तांत्रिक बाब. रक्ताचा नमुना मोटारसायकलवरून हादरत, उन्हात, तासन्‌तास प्रवास करीत आला तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम रक्तद्रवात उतरते. मग आकडा खोटाच चढलेला दिसतो. शंका आल्यास पुन्हा नमुना घ्यावा. पण रुग्णाला घरी पाठवून नव्हे.

काही अन्य आकडे

हिमोग्लोबीन साधारण १० ते ११.५ च्या आसपास राखले जाते. ते आणखी वाढवावे असा मोह होतो. परंतु हृदयविकार असलेल्या १,२३३ डायालिसिस रुग्णांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसाइतकी पातळी गाठण्याचा प्रयत्न केलेल्या गटाची स्थिती वाईट दिसल्याने तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. होमोसिस्टीन नावाचे द्रव्यही या रुग्णांत वाढते. ते आपल्याकडे मूत्रपिंडे धड असलेल्यांतही वाढलेले असते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २०४ व्यक्तींच्या तपासणीतून २००१ मध्ये दाखविले. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे मुख्य कारण. जीवनसत्त्वे देऊन ते उतरविता येते. मात्र २,०५६ मूत्रपिंडरुग्णांवरील २००७ च्या अमेरिकी प्रयोगात ते उतरूनही मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. लायपोप्रोटीन (ए) हा घटक बहुतांशी आनुवंशिक आहे. एकदा मोजून ठेवावा, दरमहा त्यावर पैसे घालवू नयेत.

ट्रोपोनिनबद्दल मात्र घरच्या माणसांना माहिती असलीच पाहिजे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात येते, म्हणून झटक्याच्या निदानासाठी ते मोजतात. डायालिसिसच्या अनेक रुग्णांत ते कायमच चढलेले असते. झटका आलेला नसतानाही. हा कायमचा चढ हृदयावरील दीर्घ ताणाचे लक्षण आहे आणि तो जितका जास्त तितका पुढचा धोका जास्त. पण रात्रीबेरात्री तपासणाऱ्या नव्या डॉक्टरास एका आकड्यावरून जुना चढ कोणता आणि नवा झटका कोणता ते सांगता येत नाही. त्यासाठी मागील आकडा लागतो आणि काही तासांनी पुन्हा घेतलेला आकडा लागतो. मधुमेह्याला छातीत दुखल्याशिवायही झटका येऊ शकतो. त्यामुळे धाप, घाम, मळमळ, छातीवर दडपण यांपैकी काहीही वाटले तरी रुग्णालय गाठावे, घरी वाट पाहू नये.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री मामांना छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटू लागले. शेजाऱ्यांनी त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. ट्रोपोनिन चढलेले होते. धावपळ सुरू झाली, तोच मामींनी कापडी पिशवीतून वर्षभराचे कागद काढून दिले. तीन महिन्यांपूर्वीचा आकडा जवळजवळ तेवढाच होता. हृदयालेख जुन्यासारखाच होता. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतले. आकडा हलला नव्हता. आदल्या दोन दिवसांत अंगात साचलेल्या पाण्याचा तो ताण होता. मामा पहाटे घरी आले, चहाचे दोन घोट घेतले आणि सातच्या पाळीला डायालिसिसला गेले.